वहीतला चौथा रकाना

चार म्हातारी माणसं एका खोलीत जमतात, वीस-वीस मिनिटं तोंडातून शब्द न काढता गाणं ऐकतात आणि मग तीन तास बोलतात. अशा ठिकाणी किस्से साचणारच! ते मी लिहून काढावेत, असं वकीलसाहेबांचं म्हणणं. मला ते जमेल याची खात्री नाही. मला कशाचीच फारशी खात्री नसते. पीएच.डी. झाल्यावर तर होती तीही गेली.

आधी ओळख करून देतो, नाहीतर घोटाळा होईल. नानासाहेब अकोल्याचे, शेती बाळापूरकडे. वकील पाठक अमरावतीचे, घर राजापेठेत. मोहोड वीज खात्यातले निवृत्त इंजिनिअर, त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर असतो. चौथा मी. कॉलेजात अडतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, त्यात 'ध्वनी' हे प्रकरण दरवर्षी माझ्याकडेच. म्हणून मला सगळे 'सर' म्हणतात.

आम्हाला नाद आहे हेडफोनचा. तोही एका विशिष्ट जातीचा. यात दोन चुंबकांमध्ये एक पातळ पडदा असतो आणि कानावरच्या वाट्यांची पाठ उघडी असते, बाहेरून नुसती जाळी. त्यामुळे आवाज मोकळा वाटतो, डोक्याच्या आत कोंडल्यासारखा नाही. पण उघड्या पाठीतून बाहेरचं आत येतं आणि आतलं बाहेर जातं.

दर दुसऱ्या रविवारी सकाळी आम्ही आळीपाळीनं एकेकाच्या घरी भेटतो. मधोमध एक जाड वही असते. तिच्यात चार रकाने: आराम, खर्ज, मधले स्वर, वरचे स्वर. ऐकून झालं की प्रत्येकानं गपचूप आपलं मत लिहायचं आणि सगळ्यांचं लिहून झालं की मोठ्यानं वाचायचं. एकदा लिहिलेलं खोडायचं नाही. शेवटचं वाचन माझं. सरांनी वाचलं की निकाल लागला, असा रिवाज कधी पडला ते मलाही आठवत नाही.

*

पहिला हेडफोन नानासाहेबांनी घेतला. चुंबकांमुळे त्याचं वजन चांगलंच होतं. त्यांनी तो डोक्यावर चढवला, पाच मिनिटं मान ताठ ठेवून बसले आणि म्हणाले, "सर, हे कानानं आयकाचं हाय का मानेनं उचलाचं?"

'आराम' या रकान्यात त्यांनी लिहिलं: "बैलाच्या मानेवरचं जू यापेक्षा हलकं असन."

मग खांद्यावरचा दुपट्टा काढला, त्याची चौपदरी घडी केली, ती टाळूवर ठेवली आणि त्यावर हेडफोन चढवला. पूर्ण दोन तास उतरवला नाही! तेव्हापासून आमच्याकडे कुठलाही हेडफोन दुपट्ट्याशिवाय ऐकला जात नाही. परदेशात बसलेल्या त्या इंजिनिअरांनी वजनाचा केवढा विचार केला असेल. दुपट्ट्याचा केला नाही.

*

वकीलसाहेबांच्या फ्लॅटखाली ट्यूशन क्लास आहे. क्लास सुटला की शंभर गाड्या एकदम सुरू होतात. उघड्या पाठीच्या हेडफोनला याहून वाईट जागा नाही.

एकदा त्यांनी आपलं मत वाचलं: "जागेचा भास अप्रतिम. डावीकडे, फार मागे, बासरीचा एकच लांब स्वर येतो आणि विरतो. असा प्रसंग मी आजवर ऐकला नव्हता."

आम्ही तेच गाणं पुन्हा लावलं. बासरी नव्हती. तिसऱ्यांदा लावलं. नव्हती. तेवढ्यात आतून पाठकवहिनी आल्या, "बसा आता जेवायला, चार शिट्ट्या झाल्या कुकरच्या."

मोहोड हसून हसून पडायचे बाकी. वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, "साक्ष नोंदवली गेली आहे. खोडता येणार नाही."

ती बासरी अजून वहीत आहे.

*

कुठलाही हेडफोन आला की सगळ्यात शेवटी आम्ही एकच रेकॉर्डिंग लावतो. ते बाजारात मिळत नाही. नानासाहेबांच्या गावच्या देवळात भजन चालू असताना मोहोडांनी स्वतः केलेलं. त्यात खंजिरी वाजवणारे नानासाहेबांचे थोरले भाऊ. ते आता नाहीत.

"खंजिरी खरी वाजली त हेडफोन खरा," हा नानासाहेबांचा नियम. कातड्यावरची थाप एक आणि कडेच्या पितळी चकत्यांची छुमछुम दुसरी, दोन्ही वेगळ्या ऐकू आल्या पाहिजेत. "दादाचा हात थापेत नाई, चकत्यांत हाय," असं ते म्हणतात. एवढं बोलतात आणि डोळे मिटतात. तेव्हा त्यांच्याशी कोणी बोलत नाही.

*

राजापेठेतल्या गाड्यांना कंटाळून एका उन्हाळ्यात आम्ही सगळी सामग्री घेऊन मेळघाटातल्या सेमाडोहला गेलो. जंगलात तरी शांतता असेल, ही कल्पना माझी.

दुपारी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात मांडामांड केली. नानासाहेबांनी हेडफोन लावला आणि लगेच काढला. वकीलसाहेबांनी लावला, त्यांनीही काढला. मी खुर्चीत मागे टेकलो, झाडांकडे पाहिलं आणि मनापासून म्हणालो, "काय शांतता आहे हो!"

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मग नानासाहेब मांडीवर थाप मारून ओरडले, "वा सर! काय टोमना मारला! अहो, हे किडे इतके किर्र करून राहिले की मले माह्याच मनातलं आयकू येऊन नाई राहिलं!"

मीही हसलो. सगळे हसत असताना न हसणं बरं दिसलं नसतं.

परतीच्या वाटेवर मी मोटारीची काच खाली करून घाट संपेपर्यंत कान बाहेर ठेवून बसलो. वारा ऐकू आला. टायर ऐकू आले.

*

घरी आल्यावर मी मोबाइलवर एक चाचणी उतरवून घेतली. शिट्टीसारखा एकच सूर हळूहळू चढत जातो. ज्या क्षणी तो ऐकू येईनासा होईल, त्या क्षणी बटण दाबायचं. मी टेबलाशी बसलो. सूर चढत गेला आणि मध्येच बंद पडला. फार लवकर. अॅपमध्ये काहीतरी बिघाड असावा. मी बटण न दाबता वाट पाहत राहिलो.

स्वयंपाकघरातून शैला, माझी पत्नी, ओरडली, "अहो, बंद करा न ते! डोकं उठवून राहिले तुम्ही!"

"काय बंद करू?" मी विचारलं.

ती पिठाचे हात घेऊन दारात आली, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच येऊन फोन बंद केला. फोनला पीठ लागलं होतं, ते मी बराच वेळ पुसत बसलो.

*

हे मी मंडळात सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. वर्षभर वहीतला चौथा रकाना मी आठवणीतून भरला, आणि आठवण पुरली नाही तिथे इंटरनेटवर इतर मालकांनी लिहिलेली मतं वाचून. 'वरचे स्वर रेशमी.' 'वरचे स्वर मोकळे, कानाला टोचत नाहीत.' टोचणार कसे!

मग मोहोडांनी एक प्रयोग केला. आम्हाला न सांगता एका हेडफोनच्या वाट्यांत फेल्टचे, म्हणजे जाड लोकरी कापडाचे, गोल तुकडे कापून बसवले. वकीलसाहेबांनी वाचलं: "पांघरूण घेतल्यासारखा आवाज." नानासाहेबांनी वाचलं: "खंजिरी भिजली." शेवटी मी वाचलं: "वरचे स्वर विशेष मोकळे."

मला वाटलं, आता उघड होणार. खरं सांगतो, थोडं हायसंही वाटलं.

मोहोडांनी वाट्या उघडल्या, फेल्ट काढून हातात धरलं, त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "सर म्हणतात म्हणजे माझं फेल्टच चुकीचं असेल."

आणि नानासाहेबांनी, खोडता येत नाही म्हणून, आपल्या ओळीखाली लिहिलं: "आपले कान बराबर नाई. सरांचं बराबर."

त्या दिवशी मी जेवलो नाही. पोट बिघडल्याचं सांगितलं.

*

गेल्या महिन्यात नानासाहेबांनी नवीन हेडफोन घेतला. जुन्याच्या निम्म्या वजनाचा. दुपट्ट्याचीसुद्धा गरज नाही! वहीत मी त्याच्याबद्दल चांगलं लिहून बसलो होतो. त्यांचा फोन आला.

"सर, तुमी नव्याले चांगलं म्हनलं, त मी जुना जावयाले देऊन टाकतो. एका घरी दोन कायले पाह्यजे?"

"तुम्हाला स्वतःला कसा वाटतो नवा?"

"मले? मले त दादा जुन्यातच भेटते. पन मी काय शास्त्र शिकलो? तुमी दोन्ही घरी न्या, एकडाव आयका, मंग सांगा. जावई पुढच्या सोमवारी येऊन राहिले."

दोन्ही हेडफोन माझ्या घरी आले. मी दुपट्ट्याची घडी केली, जुना चढवला, देवळातलं रेकॉर्डिंग लावलं. थाप ऐकू आली. ठसठशीत, कोरडी थाप. चकत्या नाहीत. नवा लावला. थाप. चकत्या नाहीत. पुन्हा जुना. असं मी तीन दिवस केलं.

तिसऱ्या दिवशी शैला शेजारी बसून मेथी निवडत होती. मी जुना उतरवला तशी ती म्हणाली, "हाच बरा आहे. दुसऱ्यात ती छुमछुम पत्र्याची वाटते."

मी म्हणालो, "तुला कुठे ऐकू येतंय? हेडफोन तर माझ्या डोक्यावर होता."

"तेवढंच तर येतं इकडे," ती म्हणाली. "गाणाऱ्याचा आवाज येत नाही, ढोलकी येत नाही. नुसतं छुम छुम छुम. तीन दिवस झाले, मला पाठ झालं."

मी हेडफोनची जाळी तिच्याकडे वळवून पाहिली. उघड्या पाठीतून वरचे स्वर कसे बाहेर पडतात, हे माझ्या विद्यार्थ्यांना मी फळ्यावर काढून दाखवलं असतं. माझ्या घरात मला तिनं सांगितलं.

*

रविवारी आम्ही दोघं एसटीनं अकोल्याला गेलो. एवढ्या वर्षांत शैला मंडळात आली नव्हती. नानासाहेबांनी दारातच विचारलं, "वहिनी, आज इकडं काहून?" ती म्हणाली, "हे म्हणाले, चल."

दोन्ही हेडफोन ऐकून झाले. मी ऐकताना ती माझ्या शेजारी उभी होती. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. लिहायची वेळ आली. आराम, खर्ज, मधले स्वर, एवढे तीन रकाने मी भरले. चौथ्यापाशी पेन थांबलं. मला वाटतं, खूप वेळ थांबलं असावं, कारण मोहोड खोकले. मग मी वही आणि पेन शैलाच्या हातात दिलं.

तिनं लिहिलं. मला वाचायला दिलं. माझ्याच्यानं वाचवेना, म्हणून नानासाहेबांनी वही घेतली आणि रिवाजाप्रमाणे मोठ्यानं वाचली:

"जुन्यात चकत्या पितळेच्या आहेत. नव्यात पत्र्याच्या. यांना दोन्हीतल्या ऐकू येत नाहीत. जुना देऊ नका."

वकीलसाहेब खिडकीबाहेर बघू लागले. मोहोड खिशातला टेस्टर काढून पुन्हा खिशात ठेवत राहिले. नानासाहेबांनी वही मिटली. उठले. दुपट्ट्याची चौपदरी घडी करून ती माझ्या डोक्यावर नीट बसवली, त्यावर जुना हेडफोन चढवला आणि देवळातलं रेकॉर्डिंग पहिल्यापासून लावलं.

मग भिंतीकडची दुसरी खुर्ची उचलून माझ्या खुर्चीजवळ आणली आणि विचारलं, "वहिनी, तुमी कोन्या बाजूनं बसान?"