तिथीच्या ॲपचे पैसे

पैसे देऊन सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घ्यायची म्हटलं की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. आमच्या शहरातल्या गढा भागात ज्या शाळेत मी हिशेब बघते, तिथे दरवर्षी कंपनीचा माणूस येतो, नव्या आवृत्तीत काय काय आहे ते रंगवून सांगतो, आणि मी त्याला एकच विचारते, "भैया, पुरानेवाले में क्या अटक रहा है?" तो चहा पिऊन जातो. मुख्याध्यापक मला चिक्कू म्हणतात. म्हणोत बापडे.

त्यामुळे बाबांच्या फोनवरच्या पंचांगाला पैसे द्यायचे की नाही, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयारच होतं. ते ॲप फुकट होतं आणि बाबांनी ते स्वतः उतरवून घेतलं होतं. जन्मभर रांझीच्या कारखान्यात लेथवर उभा राहिलेला माणूस. घरात एकादशी आली हे त्यांना समोर साबुदाण्याची खिचडी आल्यावरच कळायचं. पण आई गेल्यावर तिची तिथी लक्षात ठेवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. ती चुकता कामा नये, एवढा एकच त्यांचा हट्ट होता.

पहिल्या वर्षी गुरुजींनी सगळं केलं. मग गुरुजी मुलाकडे पुण्याला राहायला गेले. दुसऱ्या वर्षी बाबांनी ॲपमध्ये माघ वद्य पंचमी शोधली आणि आठवण लावून ठेवली. जानेवारीतल्या कडाक्याच्या थंडीत एका सकाळी फोन वाजला. आई सवाष्ण गेली, म्हणून तिच्या तिथीला आम्ही सवाष्ण जेवू घालतो. शेजारच्या भाभींना बोलावलं. बाबा बड्या फुहाऱ्याच्या बाजारात जाऊन साडी घेऊन आले, मी पुरण घातलं, ताज्या मटारची उसळ केली, भाभींची ओटी भरली. "चलो, तुझ्या आईचं सगळं वेळेवर झालं," असं बाबा दिवसभर म्हणत होते. इतके समाधानी ते बऱ्याच दिवसांत दिसले नव्हते.

महिना उलटला. फेब्रुवारीतल्या एका रविवारी बाबा कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांकडे रांझीला गेले. गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या जाडजूड गक्कड आणि वांग्याचं भरीत असा बेत होता. भरपेट जेवून, कोणाकोणाच्या नकला करत, हसत घरी आले. खुर्चीत टेकतात न टेकतात तोच नागपूरहून मावशीचा फोन.

"भाऊजी, आज ताईचं पान वाढलं ना? कोणाला बोलावलं होतं?"

"ते महिन्यापूर्वीच झालं की," बाबा म्हणाले.

"अहो, महिन्यापूर्वी काहून? माघ वद्य पंचमी आज आहे न!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपला मराठी महिना अमावास्येला संपतो, इकडच्या हिंदी लोकांचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच असतो, पण त्यांच्या माघाचा वद्य पक्ष आपल्यापेक्षा महिनाभर आधीच येऊन जातो. ॲप इकडचं, त्याने इकडचा माघ दाखवला. तिथी दरवर्षी मागेपुढे होतेच, म्हणून आम्हाला शंका आली नाही, आणि भाभींना तर यायचं कारणच नव्हतं. आई दरवर्षी नागपूरहून मराठी कॅलेंडर मागवायची. तिच्यामागे ते मागवायचं आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं.

बाबांनी फोन खाली ठेवला. मग म्हणाले, "तिच्या दिवशी मी गक्कड खाऊन हसून राहिलो होतो."

मला भडभडून आलं. धर्मकर्माचं त्यांना कधीच फारसं काही नव्हतं, पाप लागेल ही भीतीही नव्हती. आईसाठी करण्यासारखं एकच काम उरलं होतं, तेही हातून धड झालं नाही, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. मी घाईघाईने वरणभात लावला, शिरा केला आणि भाभींना पुन्हा हाक मारली. त्या बिचाऱ्या "क्या हुआ दीदी?" करत आल्या. सगळं ऐकल्यावर बाबांना म्हणाल्या, "बाबूजी, दो बार खिला दिया, आंटी तो खुश ही होंगी." बाबा कसंनुसं हसले.

दुसऱ्या दिवशी मी ॲप उघडून बघितलं. महिना कोणत्या पद्धतीने धरायचा ते बदलायची सोय त्यात होती, पण तिच्यावर कुलूप! पैसे भरा, मग उघडेल. मी भडकलेच. माणसाची तिथी चुकवायची फुकट, आणि बरोबर सांगायचे पैसे!

"बाबा, नागपूरहून कॅलेंडर मागवू. वर्षातल्या एका दिवसासाठी कोण पैसे भरतं?"

"भिंतीकडे तुझी आई बघायची. मी नाही बघत. फोन वाजला की मला समजतं."

"मग मावशीला सांगते, ती आठवण करील."

"मावशी काय तरणी आहे? भर पैसे, बेटा."

मी भाव बघितला. दोन प्रकार होते, एक वर्षापुरता आणि एक आजीवन. सवयीने मी मनात हिशेब मांडला. आजीवनचे पैसे वसूल व्हायला बरीच वर्षं लागणार होती. किती, ते काढलं आणि तिथेच थबकले, कारण ती वर्षं मी आपोआप बाबांच्या वयात मिळवली होती. बाबांनी ऐंशी ओलांडली होती. स्वतःचीच शिसारी आली मला.

"आजीवनच घेऊ," मी मोठ्याने म्हणाले. "असे किती पैसे लागतात!"

हे वाक्य माझ्या तोंडून बाबांनी पहिल्यांदाच ऐकलं असेल. त्यांनी चष्मा लावला, फोन माझ्या हातातून घेतला आणि दोन्ही रकमा नीट वाचल्या.

"मला तर वर्षाचंच परवडते," ते म्हणाले.

"बाबा, काहीही काय बोलता!"

"ओरडून काहून राहिली? आजीवनच घ्यायचं आहे." त्यांनी फोन बंद करून बाजूला ठेवला. "पण माझ्या फोनात नको. तुझ्या फोनात घे. तुला पुढे दोन तिथ्या बघाव्या लागतील."

मी त्यांच्याकडे न बघता माझा फोन काढला आणि पैसे भरले.