माझा कोल्हा आणि खराब टेप

चाळीसहून जास्त वर्षं मी एका कॅसेटला दोष देत आले, आणि ती बिचारी धडधाकट होती. इतका मूर्खपणा एकटीने करायला तब्येत लागते.

मी सोळाची असताना थोरल्या दादाने अधारतालच्या आमच्या घरी भाड्याचा व्हीसीआर आणि एक इंग्रजी पिक्चर आणला. सगळा कार्टूनचा, सगळी रॉकची गाणी. बुडत चाललेल्या शहरात एक कोल्हा गिटार घेऊन गात फिरतो. आम्ही बघत होतो तेव्हा आई दादाच्या मागे तांदूळ निवडत बसली होती. दादा, त्याचे चार मित्र आणि मी सोडून जबलपुरात कोणाला त्या पिक्चरचं नावही ठाऊक नव्हतं, म्हणून तर आमचा त्याच्यावर जीव जास्त. मी कोल्ह्यासारखी झुलपं कापून घेतली. उशीच्या अभ्र्यावर त्याचं तोंड भरलं. बंडखोरी, तीही साखळी टाक्यात!

तेव्हापासून मी या घराण्यातली बंडखोर. नातीलाही तेच सांगत आले. ती आता सोळाची आहे, तिला ड्रम शिकायचे आहेत आणि माझा मुलगा नाही म्हणतो. तिच्या बाजूने घरात मी एकटी. "मेरी आजी सब समझती हैं," असं ती मैत्रिणींना सांगते. ते दाराआडून ऐकायला मला फार आवडतं.

परवा तिने तो पिक्चर कुठूनसा शोधून काढला. विजय नगरच्या फ्लॅटमध्ये दुपारी आम्ही दोघी लॅपटॉपपुढे बसलो.

"बघ, काय निर्मळ प्रेम आहे," मी म्हटलं.

पहिलं गाणं संपलं आणि माझ्या कोल्ह्याने जॅकेट काढलं. मग बाकीचंही काढलं. मी चष्मा पुसला, तर जास्तच स्पष्ट दिसलं. जिथे तो दमून झोपलाय असं मला वाटायचं, तिथे तो दंडात सुई टोचून पडला होता. ज्या वाघिणीशी त्याचं लग्न झालं असं मी धरून चालले होते, तिचा आवाज त्याने एका राक्षसाला विकून टाकला होता. आणि या मेल्याच्या तोंडावर गाल टेकवून मी बारावीपर्यंत झोपले!

"आजी! आप मेरी उमर में ये देखती थीं? पापा को पता है?"

नातीच्या डोळ्यांत एवढा आदर मी आजवर पाहिला नव्हता. नुसतं हो म्हणायचं होतं. पण धक्क्याने तोंड उघडंच राहिलेलं, त्यातून खरं निसटलं.

"अगं, आमची टेप इथे खराब होती. दादा पुढे पळवायचा."

"अच्छा? हर ऐसे ही सीन पे खराब थी?"

ती हसत हसत सोफ्यावरून खाली घसरली. माझी बंडखोरी गेली की हो, तिच्या डोळ्यांदेखत गेली. मी तणतणत नागपूरला दादाला फोन लावला.

"दादा, खरं सांग. टेप खराब नव्हती ना? तू मुद्दाम बटण दाबायचास!"

तिकडे बराच वेळ खोकला. मग दादा म्हणाला, "माझ्यावर काहून ओरडून राहिली? कुठं दाबायचं ते मला काय माहीत होतं? आईने आदल्या दुपारी दार लावून अख्खा पाहिला होता, अन् मग माझ्या मागे बसून चिमटे काढत होती. मी तर तो पिक्चर आजपर्यंत पुरा पाहिलाच नाही!"