नवव्या दाण्याची घाई

"कुणी दिली गं फोडणी?" आई अंगणात उभी राहून ओरडत होती. "माझ्या घरात बाया आल्यात, ठावं न्हाय का?"

भिंतीपलीकडून शेजारची काकू म्हणाली, "आक्का, बाया तुमच्या घरात. कढई माझ्या घरात हाय."

पण आईच्या आवाजापुढं कढई कुठली टिकायला. त्या दिवसापासून सणसरच्या आमच्या आळीत मोहरी तडतडली नाही. कोंबडेसुद्धा खालच्या पट्टीत आरवायला लागले.

माझ्या दोन्ही पोरांना कांजण्या आल्या होत्या. थोरला सहा वर्षांचा, मधला चारचा. आमच्याकडं त्याला आजार म्हणायचं नाही. बाया आल्या म्हणायचं आणि पाहुण्यांसारखं जपायचं. नऊ दिवस घरात फोडणी नाही, आंघोळ नाही, डोक्याला फणी नाही, दारात कडुलिंबाचा डहाळा. मधल्याच्या अंगावर तर एवढे फोड की त्यात पोरगं कुठं आहे ते शोधून काढावं लागे.

खरा घोर धाकटीचा होता. ती दहा महिन्यांची. बारामतीचे डॉक्टर म्हणाले होते, "पोरांच्या सगळ्या खपल्या वाळेपर्यंत तिला घरात आणायचं नाही. एवढ्या लहान जिवाला ताप झेपत नाही." म्हणून बायको तिला घेऊन जळोचीला माहेरी गेली आणि पोरं माझ्या गळ्यात पडली.

मी रानात दिवसभर पिकाला पाणी देत दारं धरणारा माणूस, पण त्या घरात मला घडीभर बसवेना. एकाच्या पाठीवरनं लिंबाची डहाळी फिरवावी, तर दुसऱ्याचा पाय खाजेनं पेटे. तो निजवावा, तर पहिला "आई कधी येणार?" म्हणून भोकाड पसरी. त्या दोन खाटांमध्ये मी एवढ्या येरझाऱ्या घातल्या, की तेवढ्यात नरसिंहपूरला चालत जाऊन, संगमावर अंघोळ उरकून, परत आलो असतो. रोज संध्याकाळी एस.टी.डी. बूथवर जाऊन जळोचीच्या दुकानात फोन लावायचा. बायको पलीकडून एकच विचारी, "किती दिवस राहिलं?" मागं धाकटीचा आवाज येई आणि माझे पाय बूथमध्येच नाचायला लागत.

आता आईची मोजदाद सांगतो. तिला कॅलेंडर वाचता येत नव्हतं. भिंतीतल्या देवळीत बायांपुढं ती रोज सकाळी ज्वारीचा एक दाणा ठेवी. नववा दाणा पडला की पोरांना लिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घालायचं, दहीभाताचा नैवेद्य गावच्या शिवेवर ठेवायचा आणि बायांना वाटेला लावायचं. आईचा हिशेब म्हणजे हिशेब. त्यावर तहसीलदाराचीही सही लागत नसे.

सहा दाणे झाले आणि माझा धीर सुटला. दुसऱ्या दिवशी आई उठायच्या आत मी देवळीत दोन दाणे टाकले. ती आली, आपला दाणा ठेवला, मोजले. पुन्हा मोजले.

"नऊ?" ती म्हणाली. "काल सहाच हुतं बाबा."

"जागरणानं तुझ्या ध्यानात ऱ्हात न्हाय, आई. दाणं खोटं बोलत्यात व्हय?"

तिनं बायांपुढं कान धरले, चुकले म्हणाली, आणि चुलीवर पाणी चढवलं. मी पुढं होऊन चुलीत लाकडं सारली. थोरला वाळला होता. मधल्याच्या पाठीवर मात्र तीन फोडांत अजून पाणी होतं. मी त्याला न्हाऊ घालताना त्याची पाठ आईकडं होऊ दिली नाही आणि वरनं लांब सदरा चढवला. मग बूथवर पळालो.

"नऊ झालं," मी म्हणालो.

"नऊ?" बायकोनं विचारलं. मग म्हणाली, "दुपारच्या एस.टी.नं येते."

ती आली आणि मधल्यानं धाकटीला अशी मिठी मारली, की सोडवायला दोन बैल जुंपावे लागले असते. घर भरलं. आईनं पहिली फोडणी दिली तर आख्खी आळी वासाला आली. मी मात्र रोज सकाळी धाकटीचं झबलं वर करून पोट बघत होतो.

पंधराव्या दिवशी बेंबीशेजारी एक फोड दिसला.

तीन दिवस ती तापानं फणफणली. दूध घेईना. बारामतीला दोनदा नेली, आणि त्या तीन दिवसांत मी एकही गोष्ट फुगवून सांगितली नाही, यावरनं काय ते समजा. चौथ्या दिवशी ताप उतरला, ती आपल्या आईला बिलगून दूध प्यायली. पुढं खपल्याही पडल्या. भुवईवर एक खड्डा तेवढा राहिला, तो अजून आहे.

तिला पहिल्यांदा न्हाऊ घातलं त्या दिवशी बायको अंगणात तिचे कान पुसत बसली होती. मी जाऊन शेजारी उकिडवा बसलो.

"आईच्या दाण्यांत दोन माझं हुतं," मी म्हणालो.

तिनं दुसरा कान पुसायला घेतला.

"ठावं हाय," ती म्हणाली. "मी बी तितं बोटावर मोजत हुते. सातच भरलं हुतं."