नक्कल नको होती

शिंपीणबाईंची पंधरा वर्षांची लेक आठवडाभर तोंड मिटून होती. जिवाभावाच्या मैत्रिणीचं नाव काढलं की ताटावरून उठायची. आज ती अंघोळीला गेली आणि तिच्या फोनवर ती ऐकत असलेली कादंबरी मोठ्यानं सुरूच राहिली. त्यातली मुलगी मैत्रिणीसारखे केस कापते, तिच्यासारखंच हसते, तरी एकटी पडते. बाईंचा मशीनवरचा पाय थांबला.

"माझी गोष्ट का ऐकतेस?" लेक दारातून ओरडली.

बाईंना खोटं बोलवेना. "त्या पोरीला मैत्रिणीनं का गं टाकलं?"

लेकीनं फोन बंद केला.

"नक्कल नको होती म्हणे तिला." लेकीला रडू फुटलं. "आई, मी कशी होते तेच आठवत नाही मला."

"मला आठवतं ना," बाई म्हणाल्या. "हट्टी, बडबडी, आणि हसता हसता उचकी लागणारी."