मावशी यादीत नाही

कुणाच्या मरणाला रजा द्यायची, हे ठरवलं कुणी?

ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या वंदनाताईंना मावशीने वाढवलं. ती आज सकाळी गेली. रजेच्या अ‍ॅपवर मृताचं नातं निवडायचं होतं: आई, वडील, नवरा, मूल. मावशी नव्हतीच.

"आई टाका आणि निघा," मी म्हटलं.

"जिवंत आईला मारू का गं?"

साहेब म्हणाले, "ताई, अ‍ॅपच घेत नाही, मी काय करू?"

तिकडे अंत्यविधी थांबला होता. शेवटी वंदनाताईंनी डोळे मिटून 'आई'वर बोट ठेवलं. मंजुरी लगेच आली. खऱ्या दुःखाला जागा नव्हती, खोट्याला होती.

तुमच्या ऑफिसची यादी आजच उघडून बघा. वाढवणारी माणसं तिच्यात नसतील, तर कुणाचं माणूस जायच्या आत ती घालून घ्या.