‘हा मी नाही’ म्हणणारी माणसं

जळगावच्या पिंप्राळ्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. गिऱ्हाईक येतं, फोटो घेतं आणि निघून जातं. किस्सा मात्र काउंटरवरच सोडून जातं. मग जेवताना मी आणि मंगल ते एकमेकांना ऐकवत बसतो. मंगल म्हणजे माझी बायको. फोटो मी काढायचे, कॉम्प्युटरवर त्यांच्यावर हात तिने फिरवायचा, अशी आमची वाटणी. श्रेय कुणाला यावर वाद असतात, ते सोडा.

आमच्या धंद्यात एक वाक्य जवळजवळ रोज ऐकू येतं. ताजा फोटो हातात घ्यायचा, जरा लांब धरायचा आणि म्हणायचं, "हा मी नाही." आधी मला राग यायचा. अहो, आत्ताच तर बसला होतात ना त्या स्टुलावर? आता नाही येत राग. आरशासमोर माणूस तयारीने उभा राहतो, फोटोत बेसावध सापडतो. पण घरच्यांनी तरी बघून "हो, हाच तो" म्हणावं, एवढ्यासाठीच तर आमची सगळी मरमर असते.

*

आमच्या गल्लीतले एक नाना पेन्शनच्या कामासाठी पासपोर्ट फोटो काढायला आले. चष्मा काढून बसले. फोटो हातात दिल्यावर चष्मा चढवला आणि बघतच राहिले.

"हा कोण रे?"

"नाना, तुम्हीच की."

"छे, हे तर आमचे वडील."

मंगल हसायला लागली. मी तिला डोळ्यांनी दटावलं, कारण नानांनी फोटो टेबलावर ठेवून चक्क नमस्कार केला होता. स्वतःच्याच पासपोर्ट फोटोला! मग त्यांच्या लक्षात आलं, तसे तेही हसले. जाताना म्हणाले, "एक कॉपी जास्तीची दे. बहिणीला पाठवतो भुसावळला. वडिलांची फार आठवण काढते ती."

*

लग्न जमवायच्या फोटोंचं खातं पूर्ण मंगलकडे. पोरीची आई म्हणते, "थोडी उजळ करा." पोराची आई म्हणते, "थोडा भरल्यासारखा दाखवा." मंगल दोघींशी भांडते आणि शेवटी दोघींचं ऐकते. नाही ऐकलं तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं.

एकदा काय झालं, मुलगा आणि मुलगी दोघांचेही फोटो आमच्याकडचेच. घरच्यांनी ठरवलं, आधी दोघांनीच हॉटेलात भेटावं, चहा प्यावा, बोलावं. आजकालची पद्धत. दोघं वेळेवर गेले आणि शेजारशेजारच्या टेबलांवर बसून एकमेकांची वाट बघत राहिले. तिने चहा संपवला, याने कॉफी संपवली. शेवटी त्याने वैतागून फोन लावला, तर वाजला शेजारच्या टेबलावर.

लग्न ठरलं हो त्यांचं. लग्नाच्या फोटोंची ऑर्डरही आम्हालाच दिली. मुलगी मंगलला एवढंच म्हणाली, "वहिनी, या वेळी काही करू नका. आम्हाला ओळखू येऊ द्या."

*

धुळ्याचे सलीमभाई माझे जुने दोस्त. एक डोळा मिटून लग्नाचे फोटो काढण्यात अख्खा जन्म गेला. लेकीच्या लग्नात मात्र घरच्यांनी कॅमेरा कपाटात घालून किल्ली लपवली. आज फक्त बाप व्हायचं, अशी ताकीद.

मी गेलो तर सलीमभाई नव्या शेरवानीत, हात मागे बांधून उभे. डावा डोळा मिटलेला. मला वाटलं कचरा गेला असेल. जेवणं झाली तरी डोळा मिटलेलाच. निरोपाची वेळ आली, लेक गाडीकडे निघाली, तशी भाभी म्हणाल्या, "आज तो दोनों आँखें खोलो जी, बेटी जा रही है."

सलीमभाई माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "एक बंद असला की रडू निम्मंच येतं, यार."

मग लेक जवळ आली आणि त्यांनी दोन्ही डोळे उघडले. पुढचं मी काही बघितलं नाही, कारण मलाच दिसत नव्हतं.

*

आमच्या जळगावात उघड्यावर ग्रुप फोटो काढणं म्हणजे शिक्षा. ऊन असं की सगळ्यांचे डोळे बारीक. म्हणून मी सगळ्यांना आधी डोळे मिटायला लावतो आणि तीन म्हटलं की उघडायला सांगतो. तेवढ्यात क्लिक.

एका शाळेत दहावीचा निरोपाचा फोटो होता. मधल्या खुर्चीत हेडसर. रिटायर व्हायला आलेले, सकाळपासून परीक्षेच्या गडबडीत. मी म्हटलं, "मिटा." सगळ्यांनी मिटले. "एक, दोन, तीन." सगळ्यांनी उघडले, सरांनी नाही. सरांना बसल्या बसल्या झोप लागली होती.

ज्या पोरांनी वर्षभर त्यांना छळलं, ती पोरं एकदम चिडीचूप झाली. मागच्या रांगेतल्या एका दांडग्याने तोंडावर बोट ठेवून मला गप्प केलं आणि स्वतःची वही सरांच्या डोक्यावर सावलीला धरली. मी बटण दाबलं. त्या फोटोत कॅमेऱ्याकडे कुणीच बघत नाहीये. शाळेने तोच लावलाय ऑफिसात.

*

आणि आता चोपड्याकडच्या अक्कांचं सांगतो.

एका दुपारी एक शेतकरी माणूस आईला घेऊन आला. वडील वारले होते, चार दिवसांवर गंधमुक्ती होती, म्हणजे आमच्याकडचा सुतक फिटायचा विधी. त्या दिवशी हार घालायला, गंध लावायला आणि पुढे भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा. पण फोटो होता फक्त आधार कार्डावरचा.

मंगलने तो मोठा केला, साफ केला. मुलाच्या सांगण्यावरून कोटही घातला, सगळेच घालतात म्हणून. अक्कांनी स्क्रीनकडे बघितलं आणि विचारलं, "हाऊ कोन शे?"

"आई, आबा आहेत ना."

"त्यासनी कधी कोट घाला व्हता का?"

मंगलने कोट काढला. अक्का नाहीच म्हणाल्या. मुलाच्या मोबाइलमध्ये पुतण्याच्या लग्नातला एक फोटो निघाला, आबा पंगतीत बसलेले, चेहरा स्वच्छ. तोही नको. मुलगा रडकुंडीला आला. "आई, हेच आबा आहेत गं. अजून कुठून आणू?"

अक्का पदराचं टोक चोळत बसल्या. मग मुलाला नाही, मंगलला म्हणाल्या, "त्यासनं तोंड मना डोयासमोर येतच नही, बेटा. इतला संसार कया, आनि तोंड येत नही."

मंगलने खुर्ची सरकवून त्यांचा हात हातात घेतला. फोटो पटला नाही तर या बाईच्या घरात आयुष्यभर परका माणूस लटकणार, एवढं आम्हाला दोघांना कळलं. मी मुलाला म्हटलं, "भाऊ, मोबाइलमधले सगळे फोटो दाखव त्यांना. कसलेही असू दे."

तो एकेक सरकवत गेला. कपाशी, ठिबकच्या नळ्या, बैल, नातवंडं. एका फोटोवर अक्कांनी त्याचं मनगट धरलं.

शेताची वाट. मुलाने कुणाला तरी बांध दाखवायला काढलेला फोटो. वाटेवरून आबा चाललेले, पाठमोरे. पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल, डावा खांदा जरासा खाली.

"हाई बघा," अक्का म्हणाल्या. "ह्या शेतस त्या." आणि आल्यापासून पहिल्यांदा त्या रडल्या. पोटभर रडल्या.

"आई, पाठमोरा फोटो कुणी लावतं का? लोक काय म्हणतील?"

अक्कांनी मनगट सोडलं नाही. मंगलने मुलाकडून मोबाइल घेतला, केबल लावली आणि मला म्हणाली, "याला मी हात लावणार नाही. आहे तसा छाप."

गंधमुक्तीच्या दिवशी फ्रेम द्यायला मी स्वतः गेलो. ओटीवर पाट मांडला होता, त्यावर फोटो ठेवला, हार घातला. भावकी गोळा झालेली. कुजबुज चालली होती. मुलगा गंधाची वाटी घेऊन पुढे झाला आणि थांबला. कपाळच नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं.

अक्का उठल्या. त्याच्या हातातून वाटी घेतली आणि बोटाने टोपीच्या मागच्या बाजूला गंध लावलं. डोक्यावरचा पदर नीट केला. मग फोटोकडे बघून, रोज शेतावर निघताना म्हणत असतील तशा आवाजात म्हणाल्या,

"तुम्ही व्हा पुढे. मी येस मांगेमांगे."