दोन चाळण्या
चाळणीत मणी खळखळले की मला अजून मुलुंडच्या कॉलेजातला तो हॉल आठवतो. घाटकोपरच्या आमच्या खोलीत मी माळांचे मणी चाळून द्यायचे, आणि लेक एम.एस्सी. करत होती. तिच्या पोस्टर-स्पर्धेला गेले, पण दाराशीच उभी राहिले. पेशीत प्रथिनाची माळ ओवताना चुकीचं अमिनो आम्ल आलं तर एन्झाइम ते काढून टाकतं, असं ती सांगत होती. परीक्षक म्हणाले, "मोठं आम्ल एन्झाइमच्या खाचेत मावणार नाही, कबूल. पण लहान तर आरामात घुसेल की!" लेक हसली. "सर, माझी आई मणी चाळते ना, तसंच. पहिल्या चाळणीत मोठे वरच अडतात. उरलेले ती बारीक चाळणीत घालते, लहान गळून जातात, हवे तेच वर राहतात. एन्झाइमलाही अशी दुसरी बारीक जागा असते. हवं ते तिथे मावत नाही; लहान शिरलं, की माळेत जाण्याआधीच सुटून बाहेर. ती बघा, आई तिथे उभी आहे." अख्खा हॉल वळला. मी पदर सावरून ताठ उभी राहिले. तोवर कुणी "काय करता?" विचारलं, की मी "काही नाही, घरीच असते" म्हणायचे. आता सांगते, मणी चाळते.